गवाणकरांचा रविवारचा डाव

मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडवर काशीराम गवाणकरांना न ओळखणारी माणसं पुष्कळ होती, पण डिसेंबरातल्या एका आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार, त्यातलं एकही सापडलं नसतं. नवज्योत वाचनालयाच्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या पहिल्या तीन फेऱ्या त्या तीन संध्याकाळी व्हायच्या. मंगळवारी गवाणकर जिंकायचे. बुधवारी जिंकायचे. गुरुवारी तर असे जिंकायचे की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरून आपण होऊन दुसऱ्यांदा इस्त्री फिरवायचा. मग शुक्रवारी ते हरायचे, शनिवारी हरायचे, रविवारी सहाव्या आणि शेवटच्या फेरीत हरायचे आणि सोमवारी रंगाच्या कंपनीत हेडक्लार्कच्या खुर्चीत जाऊन बसायचे. लोक त्यांना ‘पहिल्या तीन फेऱ्यांचा वाघ’ म्हणत. त्यातले ‘पहिल्या तीन फेऱ्यांचा’ एवढे शब्द हळू आणि ‘वाघ’ मोठ्याने म्हणत, इतपत माणुसकी मिठागर रोडवर होती.

शुक्रवारी-शनिवारी हरण्याचं गवाणकरांना फारसं काही वाटत नसे. त्यांचा जीव जायचा तो रविवारी. कारण रविवारी त्यांचा डाव बघायला त्यांच्या पत्नी, सुगंधाबाई यायच्या. सुगंधाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ड्युटी दुपारी दोन ते रात्री नऊ, सुट्टी फक्त रविवारी. गवाणकर जेव्हा जेव्हा जिंकले तेव्हा तेव्हा सुगंधाबाई कुणाचा तरी नागपूरचा नाहीतर बेळगावचा ट्रंक कॉल जोडत बसलेल्या होत्या. त्या घरी परतल्या की मंगळवार ते गुरुवार गवाणकर दारातच ‘जिंकलो’ म्हणून सांगायचे. शुक्रवार-शनिवार ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. रविवारी काही सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण बाई समोरच असायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्यात आपल्या बायकोने आपल्याला एकदाही जिंकताना पाहिलेलं नाही, ही गोष्ट माणसाच्या किती जिव्हारी लागावी हे बुद्धिबळ न खेळणाऱ्याला कळणार नाही. खेळणाऱ्यालाही कळेलच असं नाही, पण गवाणकरांना ती लागली होती खरी.

सुगंधाबाईंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या वाचनालयाच्या खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसायच्या आणि मांडीवर पातेलं घेऊन भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायच्या. नवऱ्याने एखादं प्यादं हलवलं की मान वर करून कौतुकाने बघायच्या, पुन्हा वाल. डाव संपला की दोघं चालत घरी यायची. त्या डावाबद्दल वाटेत कुणी अक्षर बोलायचं नाही. मग वालाचं बिरडं व्हायचं, त्यात ओलं खोबरं सढळ हाताने घातलेलं असायचं, आणि गवाणकरांना वाटायचं, बिचारी आपलं सांत्वन करते आहे. दुसरी वाढणी घेताना त्यांना घास जड व्हायचा. घ्यायचे मात्र.

आता इथे धोंडिराम मोंडकरांबद्दल सांगायला हवं. हे वाचनालयाचे चिटणीस. खेळाडूंच्या जोड्या लावणं, घड्याळांना किल्ली देणं आणि वास यायला लागला की कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूच्या खिडक्या बंद करणं ही सगळी कामं त्यांची. मोंडकरांचा एक दंडक होता आणि तो फळ्यावर कायमचा लिहिलेला होता. मात होईपर्यंत डाव रेटायचा नाही. आपण हरतोय हे कळलं की हरणाऱ्याने आपला राजा पटावर आडवा ठेवायचा, घड्याळ थांबवायचं आणि आपण होऊन हात पुढे करायचा. “ही सभ्य माणसांची स्पर्धा आहे, कुस्त्यांचा फड नाही,” असं ते म्हणत. गवाणकरांनी ही रीत फार मनावर घेतली होती. रविवारी बायकोदेखत हरायचंच असेल तर निदान हरणं तरी देखणं असावं, म्हणून ते दोन बोटांनी राजाला अलगद आडवं करायचे, किंचित हसायचे, ताठ बसायचे आणि मग हात पुढे करायचे. समोरचा जिंकलेला माणूसच बिचारा ओशाळा होऊन जायचा.

सुगंधाबाईंचं या मोंडकरांशी काय बिनसलं होतं कोण जाणे. वर्गणीला घरी आले की त्यांना चहा मिळायचा, पण त्यात आलं नसायचं. मालवणकडच्या बाईने दारी आलेल्या माणसाला बिनआल्याचा चहा द्यावा यात काय काय आलं, हे मोंडकरांना कळत असे. ते चहा पीत आणि पावती फाडून निघून जात.

तर, पहिल्या तीन दिवसांचा हा वाघ चौथ्या दिवशी गरीब का होतो, यावर मिठागर रोडवर मतं उदंड होती. शेजारच्या विमलाताई गायकवाडांचं म्हणणं होतं की गुरुवारपर्यंत डोक्यातलं तेल संपतं. त्यांनी भिजवलेल्या बदामांचा रतीब लावला. केस कापणाऱ्याने पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितलं, तर त्या वर्षी पूर्वेकडे संडास होता. ऑफिसातल्या एका प्राणायामवाल्याने एका नाकपुडीने श्वास घ्यायला शिकवलं. गवाणकर शुक्रवारच्या फेरीत दुसरी नाकपुडी दाबून बसले आणि समोरच्याने सहानुभूतीने खिडकी लावून घेतली. कुणी चहा सोडायला सांगितला, कुणी वाढवायला. गवाणकरांनी सगळं केलं, आणि शुक्रवारी ते नेमाने हरले.

सत्त्याऐंशी साली बातमी आली की वाचनालयाची बैठी इमारत पाडून तिथे चार मजले चढवणार आहेत, आणि नवी जागा होईपर्यंत स्पर्धा बंद. नवी जागा केव्हा होईल असं विचारल्यावर मोंडकरांनी दोन्ही हात वर केले. म्हणजे डिसेंबरातला हा रविवार शेवटचा. गवाणकर त्या संध्याकाळी शेजारी भाऊराव गायकवाडांकडे गेले आणि न विचारताच बसले.

भाऊराव बँकेत होते, विमलाताईंचे यजमान, आणि गवाणकरांचे जुने दोस्त. ते बुद्धिबळ खेळत नसत, पण विचार मात्र सगळ्याच गोष्टींचा करत.

“काशीराम,” ते म्हणाले, “तुला काही झालेलं नाहीये रे.”

“मग मी शुक्रवारी बिघडतो कसा?”

“तू नाही बिघडत. समोरचा सुधारतो.” भाऊरावांनी विमलाताईंच्या फडताळातल्या वाट्या आणल्या आणि जमिनीवर मांडल्या. “हे बघ. तुमच्या त्या स्विस पद्धतीत जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी आणि हरलेल्याची हरलेल्याशी. बरोबर ना? तू तीन जिंकलास की चौथ्या दिवशी तुझ्यासमोर कोण? तीन जिंकलेला. तो आणखी भारी. मग तू आपटतोस. यात बदाम काय करणार?”

विमलाताई आतून म्हणाल्या, “बदामाने नुकसान तर झालं नाही ना?”

गवाणकरांनी वाट्या पुन्हा मोजल्या. आपल्याला काहीतरी गूढ, उच्च दर्जाचं दुखणं आहे या समजुतीत त्यांनी इतकी वर्षं बऱ्यापैकी सुखात काढली होती. आता कळलं की दुखणं नाहीच. आपण फक्त मधले आहोत. हे ऐकून माणसाला पाणी प्यावंसं वाटतं, आणि ते त्यांनी मागितलं.

पाणी पिता पिता त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. “भाऊ, म्हणजे मी सुरुवातीला हरत गेलो, तर रविवारी माझ्यासमोर हरणाराच येणार?”

भाऊरावांनी एक वाटी उचलून खालच्या रांगेत ठेवली. “तत्त्वाच्या दृष्टीने हे बरोबर नाही,” ते म्हणाले. “पण हिशोबाच्या दृष्टीने झकास आहे.”

तत्त्वाची टोचणी गवाणकरांना दोन दिवस होती. मग त्यांनी मनाशी ठरवलं की आपण हरल्याने समोरच्या माणसाला आनंदच होणार आहे, आणि आनंद वाटणं हे काही पाप नाही. अशा वेळी मन फार समजूतदार होतं.

मंगळवारी त्यांच्यासमोर रतन शेट्ये नावाचा विम्याचा एजंट आला. गवाणकरांनी वेळ न घालवता आपला वजीर त्याच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. घोड्याने फक्त उचलायचा होता. रतनने घोड्याकडे हात नेला, आणि समोर कोण बसलंय ते आठवून मागे घेतला. पहिल्या तीन फेऱ्यांचा वाघ मंगळवारी फुकट वजीर देतो, म्हणजे यात काहीतरी भयंकर आहे. रतन विचार करू लागला. त्याने रुमालाने मान पुसली. त्याला घोड्याने वजीर मारल्यावर आठव्या चालीत होणारी मात दिसायला लागली, जी गवाणकरांना आजतागायत दिसलेली नाही. “घे ना,” असं म्हणायची गवाणकरांना अनावर इच्छा झाली, पण नियमात बसत नव्हतं. शेवटी विचार करता करता रतनच्या घड्याळातली वेळ संपली आणि तो हरला. उठताना त्याने गवाणकरांच्या पायाला हात लावला. वाचनालयात टाळ्या झाल्या. गवाणकर पडलेल्या चेहऱ्याने घरी आले, आणि सुगंधाबाई आल्यावर दारात “जिंकलो” असं म्हणाले ते इतक्या दुःखाने की बाईंनी चप्पल काढायच्या आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवारी मात्र ते हरले. त्यालाही कष्ट पडले, कारण समोरचे कापडवाले शेठ दुकानाच्या काळजीत होते आणि पुढ्यात ठेवलेली सोंगटी त्यांना दिसत नव्हती. उंट, हत्ती, दुसरा हत्ती असं ओळीने दिल्यावर शेठना आपण जिंकतो आहोत असा संशय आला. त्या रात्री गवाणकर दारात उभे राहून उत्साहाने म्हणाले, “हरलो.”

सुगंधाबाई उंबऱ्यातच थांबल्या. “बुधवारी?”

“हो, अगदी साफ.” आणि ते शीळ घालत ताटं घ्यायला गेले.

गुरुवारी घात झाला. डाव रंगात आला आणि गवाणकरांच्या लक्षात आलं की आपण नकळत चांगलं खेळून बसलो आहोत. आता आपण काहीही खेळलो तरी समोरच्याला मात होते आहे. बघ्यांना ते दिसलं होतं. कुणीतरी “आली, आली” असं पुटपुटलंसुद्धा. गवाणकर घाबरले. त्यांनी घाईघाईने आपला राजा आडवा केला, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. समोरचा माणूस तोपर्यंत स्वतःचाच राजा आडवा करायला निघाला होता. दोघांचे हात पटावर अडखळले. मोंडकरांनी गवाणकरांच्या नावापुढे शून्य लिहिलं, ते दोनदा बघून.

शुक्रवारी फेरीआधी मोंडकरांनी त्यांना कपाटाच्या आड बोलावलं. कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली होती. गवाणकरांच्या हातात कागद पडला: ‘आपल्या खेळात आकस्मिक व अकारण घसरण झाल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबत लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा.’ गवाणकरांनी हयातभर दुसऱ्यांना असे कागद काढले होते. स्वतःला आलेला हा पहिलाच. त्यातल्या ‘अकारण’ या शब्दाने त्यांना फार लागलं. कारण होतं. ते सांगता येत नव्हतं एवढंच.

भाऊरावांनी उभ्या उभ्या खुलासा लिहून दिला: प्रकृती अस्वास्थ्यामुळे. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. मोंडकरांनी वाचल्या आणि चष्म्यावरून पाहिलं. “दाखला?”

मग नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जाणं आलं. डॉक्टरांनी हाताला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. कपट करायची सवय नसलेल्या माणसाने चार दिवस कपट केलं की जे होतं ते झालं होतं. ब्लड प्रेशर खरोखरच वाढलेलं निघालं. “मीठ बंद करा,” डॉक्टर म्हणाले, “आणि हे जे काही तुम्ही करताय तेही जरा कमी करा.” दाखला मिळाला. एक प्रत मोंडकरांच्या फायलीत गेली आणि औषधाची चिठ्ठी गवाणकरांच्या शर्टाच्या खिशात राहिली. ज्या गृहस्थाचे कपडे बायको धुते त्याने शर्टाच्या खिशात काही ठेवू नये, ही गोष्ट कुठल्याच डॉक्टरने त्यांना सांगितली नव्हती.

त्या संध्याकाळी मोंडकर गवाणकरांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. संशयित खेळाडूवर देखरेख. भाऊराव सल्लागार ठरले म्हणून त्यांना वाचनालयात यायला बंदी झाली. चिटणीस मांडीला मांडी लावून बसलेले असताना मुद्दाम हरण्याची गवाणकरांची छाती नव्हती. ते निमूटपणे जिंकले. शनिवारी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी कांदिवलीला साखरपुडा होता. तो आलाच नाही. गवाणकरांना बसल्या जागी गुण मिळाला.

मोंडकरांनी रविवारच्या जोड्या फळ्यावर लिहिल्या तेव्हा गवाणकरांना भोवळ यायची बाकी राहिली. पाच फेऱ्यांत तीन गुण. दर वर्षी शनिवारी संध्याकाळी असतात तेवढेच. आणि समोर श्यामकांत रेगे, पोस्टातून निवृत्त झालेले, दर वर्षी शनिवारपर्यंत तीनच गुण करणारे आणि दर रविवारी गवाणकरांना हरवणारे. वजीर दिला, हत्ती दिले, जिंकलेला डाव सोडला, तब्येतीचा दाखला आणला, आणि गाडी जिथल्या तिथे येऊन उभी राहिली. मधल्या माणसाला हरून खालीही जाता येत नाही, हे भाऊरावांच्या वाट्यांनी सांगितलं नव्हतं.

पण त्याच्याही आधी, शनिवारी सकाळी, चिठ्ठी सापडली होती. गवाणकर ऑफिसला निघाले होते. सुगंधाबाई ओल्या हातांनी मोरीतून बाहेर आल्या.

“हे काय आहे?”

“काही नाही गं. थोडं बीपी.”

“थोडं बीपी, आणि मला कुणी सांगायचं? गायकवाडांनी?” त्यांचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा सरळ होता, पण चिठ्ठी ओल्या मुठीत चुरगळत चालली होती. “तरीच म्हटलं, बुधवारी हरून माणूस शीळ कसा घालतो. मी दिवसभर फोन कानाला लावून बसते, सगळ्या महाराष्ट्राचं ऐकते, आणि घरातल्या माणसाचं मला कळलं नाही.”

गवाणकरांना त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण काय सांगणार? तुझ्यासमोर जिंकता यावं म्हणून तुझ्यामागे हरत होतो, हे वाक्य त्यांनी मनात म्हणून पाहिलं आणि ते त्यांना शर्टाचं बटण लावत म्हणण्याजोगं वाटलं नाही.

सुगंधाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “उद्या खेळायचं तर खेळा. मी येते. पण जिंकायच्या मागे लागू नका. या वर्षी नाही जिंकलात तर काय आकाश कोसळणार आहे?”

हात ओला होता. पाठीवर पंजा उमटलेला शर्ट घालून गवाणकर ऑफिसात गेले, आणि शिपायाने सांगेपर्यंत त्यांना ते कळलं नाही.

रविवारी टीव्हीवरची पौराणिक मालिका संपून रस्त्यावर माणसं दिसायला लागल्यावर फेरी सुरू झाली. सुगंधाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसल्या. रेगे नेहमीसारखे हळुवार गुणगुणत, पटावर सगळीकडे काड्या करत खेळू लागले. त्यांची खोडच ती. इथे एक प्यादं टोचायचं, तिथे उंट लपवायचा, आणि गुंता झाला की गवाणकरांचं काहीतरी त्यात सापडायचं. सात-आठ चाली झाल्या आणि गवाणकरांनी सवयीने खिडकीकडे पाहिलं.

मांडीवर पातेलं नव्हतं. वाल नव्हते. सुगंधाबाई थर्मास दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या होत्या, आणि त्या पटाकडे बघत नव्हत्या. त्या गवाणकरांच्या चेहऱ्याचा रंग बघत होत्या.

गवाणकरांना उमगलं. ही बाई आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते तो आपल्या काळजीत घालवते आहे, आणि ही काळजी आपण तिला तीन प्रतींत काढून दिली आहे. जिंकणं, दाखवणं, शेवटचा रविवार, सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. एकच राहिलं. हा डाव लवकर आटपायचा आणि हिला घरी न्यायचं.

डाव लवकर आटपायचा तर सोंगट्या कमी व्हायला हव्यात, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी वजिरावर वजीर दिला. रेगे गुणगुणायचे थांबले. गवाणकरांनी हत्तीवर हत्ती दिला, उंटावर उंट, दुसऱ्या हत्तीवर दुसरा हत्ती. समोर आलं की मारायचं आणि मारू द्यायचं. काही डोकं नाही, कावा नाही. मेस बंद करताना भांडी आवरावी तसा त्यांनी पट आवरायला घेतला. रेग्यांना गुंता लागत होता आणि गुंत्याला दोराच उरला नव्हता. शेवटी पटावर दोन राजे आणि काही प्यादी राहिली. मोजून पाहिलं तर गवाणकरांचं एक प्यादं जास्त होतं, आणि ते कडेकडेने निवांत पुढे निघालं होतं. त्याला अडवायला कुणीही मोकळं नव्हतं.

रेग्यांनी त्या प्याद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी आपला राजा पटावर आडवा ठेवला, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

“छान खेळलात, गवाणकर.”

गवाणकर त्या हाताकडे बघतच राहिले. रविवारी आपल्याआधी समोरून आलेला हात त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तो धरायचा असतो हेही क्षणभर सुचलं नाही. धरल्यावर सोडायचा असतो हेही सुचलं नाही. रेग्यांनीच तो हळूच सोडवून घेतला. मग गवाणकरांनी खिडकीकडे पाहिलं. सुगंधाबाई पदराने डोळे टिपत होत्या. गवाणकरांना वाटलं, आयुष्यात याहून अधिक काही मागावं असं आपल्याला सुचणार नाही.

दाराशी मोंडकर उभे होते. “अभिनंदन, गवाणकर,” ते मनापासून म्हणाले.

सुगंधाबाईंनी मोंडकरांकडे अशा नजरेने पाहिलं की ते एक पाऊल मागे सरले. “एवढं बोलायची काही गरज नव्हती,” त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचं कोपर धरून रस्त्यावर आल्या.

भर दुपारी, मिठागर रोडवर, चारचौघांत सुगंधाबाईंनी नवऱ्याचं कोपर धरणं ही घटना जिंकण्याइतकीच मोठी होती. गवाणकर कोपर न हलवता चालत राहिले. थोडं अंतर गेल्यावर बाई म्हणाल्या, “असू द्या. वाईट वाटून घेऊ नका.”

“कशाचं?”

“दर वर्षी तुम्हीच जिंकायचं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? रेगे पण म्हातारे झाले. एकदा मिळालं त्यांना तर मिळू दे की.”

गवाणकर थांबले. “दर वर्षी कोण जिंकतं?”

“कोण म्हणजे? मी काय आंधळी आहे? तिथेच तर बसलेली असते.” सुगंधाबाईंनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला. “देवळात शेजारती झाली की देवाला निजवतात ना, तसे तुम्ही दर वर्षी लढाई संपली की आपल्या राजाला अलगद निजवता. इतक्या प्रेमाने की बघत राहावं. आणि मग मोठ्या मनाने आपण होऊन हात पुढे करता. आमचे साहेबही निरोपाच्या वेळी तसंच करतात. मोठा माणूसच आधी हात करतो. आज बघितलं तर रेग्यांचा राजा निजला, आणि तुमचा तसाच ताटकळत उभा. मला तर बघवलं नाही. आणि तो मोंडकर. इतकी वर्षं जिंकलात, पण मेल्याने कधी साधा पेला दिला नाही तुम्हाला. आज हरलात तर अभिनंदन करतो.”

गवाणकरांनी तोंड उघडलं. आतमध्ये सगळं तयार होतं. अगं, मी आज जिंकलोय. त्या रेग्यांना विचार, मोंडकरांना विचार, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासमोर जिंकलोय. फक्त म्हणायचं होतं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा एक डाव मागून घ्यायचा तर मागचे सगळे परत करावे लागतील. इतक्या वर्षांचे रविवार. खिडकीजवळ वाल सोलत बसलेली ही बाई, आणि तिच्या डोळ्यांपुढे दर डिसेंबरात राजाला निजवणारा तिचा नवरा. सांत्वनाचं समजून मान खाली घालून खाल्लेलं ते बिरडं, ते विजयाचं होतं. वाटेत ती बोलायची नाही, ती आपल्याला गर्व चढू नये म्हणून. त्यांनी मनातल्या मनात एका बाजूला आजचा डाव ठेवला आणि दुसऱ्या बाजूला ते सगळे. अदलाबदल परवडण्यासारखी नव्हती.

“हो गं,” ते म्हणाले. “नाही जमलं आज.”

“मग काय झालं त्यात,” सुगंधाबाई म्हणाल्या, आणि कोपर जरा घट्ट धरलं.

बिल्डिंगच्या गॅलरीत भाऊराव आणि विमलाताई वाट बघत उभे होते. विमलाताईंच्या हातात पेढ्यांचा पुडा दिसत होता. “काय झालं रे?” भाऊरावांनी वरूनच विचारलं.

गवाणकर काही बोलायच्या आत सुगंधाबाईंनी हात वर केला. “भावोजी, त्यांना काही विचारू नका. चालायचंच.”

भाऊरावांचा चेहरा पडला. पुडा विमलाताईंच्या पदराआड गेला. गवाणकरांनी मान खाली घातली, कारण वर ठेवली असती तर हसू आलं असतं, किंवा दुसरं काहीतरी आलं असतं. भाऊरावांना सोमवारी फळ्यावरून खरं कळलं तेव्हा ते अर्धा तास एकटेच वाट्या मांडून बसले होते.

घरी आल्यावर सुगंधाबाईंनी फडकं सोडून मोड आलेले वाल परातीत काढले. “परवाच भिजवले होते,” त्या म्हणाल्या. “म्हटलं होतं, बीपीवाल्या माणसाला कशाला बिरडं. पण हरलात म्हणून काय तुम्हाला उपाशी ठेवू?” गवाणकर शर्ट काढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि वाल सोलू लागले. त्यांना ते नीट येत नव्हतं. डाळिंब्या फुटत होत्या. बाईंनी फुटलेल्या वेगळ्या काढल्या.

जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि वर पाहिलं. “मीठ?”

“घातलंय चिमूटभर. आजच्या दिवस.” सुगंधाबाईंनी खोबऱ्याची वाटी पुढे सरकवली. “हरलेल्या माणसाला अळणी जेवायला घालू नये.”

गवाणकरांनी दुसरी वाढणी आपण होऊन मागितली.